पहिली हाक

आमच्या मंडळीचं कबरस्थान रेल्वेच्या भरावाला लागून आहे. जागा निवडणाऱ्या गोऱ्या पाद्र्यांनी पुनरुत्थानाचा विचार केला असेल, मालगाड्यांचा केला नव्हता. मातीच्या वेळी प्रार्थना चालू असताना इंजिनाची शिट्टी झाली की पाळकसाहेब डोळे मिटूनच थांबतात आणि गाडी गेली की अर्धवट राहिलेल्या वाक्यापासून पुढं सुरू करतात. माझ्या नवऱ्याला माती दिली तेव्हाही असंच झालं. तो मालगाडीवर गार्ड होता. त्याला त्याचं काही वाटलं नसतं.

‘आमच्या मंडळीचं’ असं मी आज सहज लिहिते. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी लिहिलं नसतं. मी महालातली, म्हणजे गावाच्या जुन्या वस्तीतली. माहेरी देवांपेक्षा पुस्तकं जास्त होती आणि दोन्हींवरची धूळ आईच पुसायची. मी मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवत होते, आणि इतिहास शिकवणाऱ्या माणसाला मिरवणुकांबद्दल फारसा आदर उरत नाही. लग्न नोंदणी कचेरीत झालं. नवऱ्यानं मला कधी ‘बाप्तिस्मा घे’ म्हटलं नाही, मी त्याला कधी ‘चर्च सोड’ म्हटलं नाही. रविवारी ड्यूटी नसली की तो सायकलीवर टांग मारून उपासनेला जायचा. तिथं तो तबला वाजवायचा. मी घरी पेपर तपासत बसायची. परत आला की मी विचारायची, “काय म्हणाले आज?”

“लंबं म्हनाले,” तो सांगायचा आणि जेवायला बसायचा.

वर्षातून एकदाच तो या विषयावर भरभरून बोलायचा, तो ईस्टरच्या सुमाराला. या मंडळीची एक रीत आहे. ती दुसरीकडे कुठं आहे की नाही मला ठाऊक नाही. ईस्टरच्या आदल्या शनिवारी घरोघरची माणसं आपापली थडगी चुन्यानं रंगवतात. रविवारी उजाडायच्या आत सगळे पांढरे कपडे घालून कबरस्थानात येतात आणि जो तो आपल्या माणसाच्या थडग्याशी उभा राहतो. फाटकातून आत आल्यावर कुणी बोलायचं नाही. भरावावर सूर्य दिसला की एकानं मोठ्यानं म्हणायचं, “प्रभू उठला आहे!” बाकीच्या सगळ्यांनी उत्तर द्यायचं, “खरोखर उठला आहे!” मग पेटी, तबला, टाळ, गाणी आणि जो आवाज होतो त्यानं मेलेली माणसं खरोखरच उठून बसावीत.

ती पहिली हाक पाळकानं द्यायची नसते. ज्याचं थडगं सगळ्यात नवं, त्यानं द्यायची. ज्याच्या घरचं माणूस अगदी अलीकडे गेलं, त्याचा तो मान.

“हा कसला मान?” मी एकदा म्हटलं होतं. “आधीच माणूस गेलेलं, त्यात त्याला सगळ्यांसमोर उभं करायचं.”

“तसंच हाये ते,” तो म्हणाला. मग थोड्या वेळानं त्यानं मला सांगितलं, की एका ईस्टरला त्याची ड्यूटी होती आणि नेमकी त्याच वेळी त्याची गाडी भरावावरून गेली. “गार्डाच्या डब्यातून खाली पाह्यलं. धुकं होतं थोडंसं. सगळे पांढऱ्या कपड्यांत, थडग्यांच्या मधात. असं वाटे का मानसं जमिनीतून उगवून राहिली. मी झेंडी दाखवाचंच विसरलो.”

त्याच्या बोलण्यात अलंकार नसायचे, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

दिवाळीनंतर त्याला कावीळ झाली आणि ती बरी झाली नाही. त्यानंतर फाल्गुन उलटेपर्यंत मंडळीत दुसरं कुणी गेलं नाही. मी वाट पाहत होते असं नाही, पण माझं लक्ष होतं.

एके दिवशी आत्या आली. ही नवऱ्याची आत्या, त्याचं या गावात उरलेलं एकुलतं एक नातलग. मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, तेव्हा निवृत्त झालेली. तपकीर ओढायची आणि आपण ती ओढतो हे कुणाला ठाऊक नाही असं समजायची. आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “सूनबाई, यंदा हाक तुले द्या लागते.”

“आत्या, माझा बाप्तिस्मासुद्धा झालेला नाही.”

“थडगं कोनाचं नवं हाये?”

“ते झालं हो. पण मला ते खरं वाटत नाही. जे खरं वाटत नाही ते सगळ्यांसमोर ओरडून कसं सांगू? तेही त्याच्या उशाशी उभं राहून?”

मला वाटलं आता उपदेश येणार. आत्यानं चिमूटभर तपकीर ओढली, पदरानं नाक पुसलं. “मले कुठं रोज खरं वाटते वं? गुडघे दुखते त्या दिवशी तं अजिबात नाई वाटत. म्हनून तं इतके सारे लोक लागते. माह्यानं नाई झालं तं बाजूचीले वाटत असते. तिचे गुडघे दुखले का मले वाटते.”

हे कुठल्याही धर्मशास्त्रात बसणारं नव्हतं. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

त्याच दिवसांत दुसरा एक निर्णय माझ्यापुढं होता. रेल्वेचा क्वार्टर सोडायचा होता. ईस्टरनंतरच्या सोमवारी किल्ली द्यायची, असं ठरलेलं. लग्नानंतर माझ्याशी बोलणं टाकलेला भाऊ एका संध्याकाळी आला, दारात चपला काढून आत बसला आणि म्हणाला, “वरची खोली रिकामीच आहे. सोमवारी मी बैलबंडी घेऊन येतो. आई पण म्हणाली.” आई काय म्हणाली ते त्यानं सांगितलं नाही. “आता त्या लोकांत तुझं काय राहिलंय?” त्यानं हे चांगल्या मनानं विचारलं होतं. आत्यानंही तिच्या घरची मधली खोली झाडून ठेवली होती. तिनं ती मला ‘ये’ असं म्हणून देऊ केली नव्हती. नुसतं सांगितलं होतं, की झाडली.

खरं तर दोन्ही प्रश्न एकच होते. त्या पहाटे तिथं उभं राहायचा मला हक्क आहे की नाही, हे ठरलं की बंडी कुठं न्यायची तेही ठरणार होतं.

मग समिती मध्ये आली. कुठल्याही चांगल्या रितीच्या वाटेत कधी ना कधी समिती येतेच. त्या वर्षी बाहेरगावचे एक मोठे धर्मगुरू पाहुणे म्हणून यायचे होते आणि मंडळीचे एक वडील, म्हणजे समितीतले आमचे निवृत्त हेडमास्तर, महिनाभर त्याच तयारीत होते. पाळकसाहेबांना घेऊन ते माझ्याकडे आले. आत्या होतीच.

“भगिनी,” हेडमास्तर म्हणाले. ते सगळ्या बायकांशी प्रार्थनेतल्या भाषेत बोलायचे. “आपली अडचण आम्ही जाणतो. आपण अजून कळपात आलेल्या नाहीत. शिवाय थोर पाहुणे उपस्थित असता पहिली हाक त्यांनीच द्यावी, असं समितीचं मत पडलं. आपणही मोकळ्या व्हाल.”

मोकळी झाले याचा मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी कुणीतरी ताटासमोरून उठवावं तसं वाटलं, आणि मी ताटावर बसलेच होते कधी, हे मलाच कळेना.

आत्यानं विचारलं, “मास्तर, यंदा तुमच्या घरी कोनी मेलं?”

“देवाची कृपा. कुणी नाही.”

“पाहुन्याच्या घरी?”

“ते कसं ठाऊक असणार, बाई?”

“मंग कायची हाक देतात ते?”

पाळकसाहेब मवाळ गृहस्थ होते. भांडण दिसलं की ते चहाकडे पाहत. कपात पाहूनच ते मला म्हणाले, “समितीनं ठरवलंय ते तुमची सोय व्हावी म्हणून. तुम्हाला हाक द्यायची असेल तर द्या. नाहीच झालं तुमच्याच्यानं, तर पाहुणे आहेत. पण तुम्ही या मात्र. त्याच्याजवळ कुणी उभं नसलं तर बरं दिसणार नाही.”

शनिवारी मी आत्याबरोबर थडगं रंगवायला गेले. चुना आदल्या रात्रीच भिजवलेला होता. त्यात तिनं थोडी नीळ टाकली आणि कुंचा माझ्या हातात दिला. शेजारीपाजारी लोक खाली बसून घासत, धुवत, रंगवत होते आणि एकमेकांच्या मेलेल्यांबद्दल ते बाजूच्या खोलीत झोपलेत अशा आवाजात बोलत होते. “तुह्या बापाकडे गवत लय झालं गा.” “त्याले पयलेपासून गवताचीच आवड. गाई होत्या न त्याच्या.” मी पहिला हात इतका जाड मारला की चुना ओघळला. मागून एक अनोळखी बाई म्हणाली, “पातळ कर वं, भिंत नाई ते,” आणि तिनं माझ्या हातातून कुंचा घेऊन दाखवला. तू कोण, असं तिनं विचारलं नाही. संध्याकाळी माझी बोटं चुन्यानं चरचरत होती. आत्यानं खोबरेल चोळून दिलं.

निघताना हेडमास्तर एका हातगाडीपुढं चालत येताना दिसले. हातगाडीवर पाहुण्यांची खुर्ची होती. महालातल्या मंडपवाल्याकडे थोर माणसाला शोभेल अशी एकच खुर्ची होती, ती म्हणजे लग्नातली, नवरा-नवरीची. लाल मखमल, मागे पिसारा फुलवलेले दोन सोनेरी मोर, आणि अर्थातच दोघांना बसायला जागा. ती त्यांनी थडग्यांच्या मधल्या वाटेवर पूर्वेकडे तोंड करून ठेवली आणि मागं सरकून पाहिली. समाधान झालेलं दिसलं.

नवरा असता तर या खुर्चीवर आम्ही आठवडाभर हसलो असतो. मला पहिल्यांदा रडू आलं ते तिच्यामुळे.

रविवारी आत्या आणि मी रिक्षानं गेलो. अंधार होता. कबरस्थानातले निंब मोहरलेले होते आणि त्याचा कडवट गोड वास ओल्या चुन्याच्या वासात मिसळला होता. फाटकापर्यंत आत्या गुडघ्यांबद्दल बोलत होती. आत पाय टाकताक्षणी गप्प झाली. मी पांढरी साडी नेसले होते. विधवेला पांढरी साडी नेसताना जे काय वाटायचं ते मला घरी वाटलं होतं. आत गेल्यावर पाहिलं तर सगळेच पांढऱ्यात. नव्या नवरीपासून खांद्यावरच्या पोरापर्यंत. माझी साडी त्यात दिसेनाशी झाली.

मी त्याच्या थडग्याशी उभी राहिले. शेकडो माणसं, आणि बोलणं नाही. मी भाषणं ऐकली आहेत, सभांतली स्तब्धता पाहिली आहे. तिथं लोक घड्याळाकडे पाहत असतात. हे तसं नव्हतं. ही माणसं गप्प राहत नव्हती, ऐकत होती. कोकीळ ओरडत होता, लांब कुठं नळाला पाणी आलं असावं, भांडी वाजत होती. हळूहळू थडगी दिसायला लागली. आधी सगळा एकच पांढुरका पट्टा, मग एकेक वेगळं. मग माणसं. लाल खुर्चीवर उजव्या मोरापुढं पाहुणे बसले होते, अंगात झगा, डोक्यावर उंच टोपी. डावा मोर मोकळाच होता.

भरावावर उजेड आला. मग सूर्याची कड दिसली, तापलेल्या तव्याच्या काठासारखी.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हे मला अजून आठवतं. ते पूर्वेकडेच पाहत राहिले आणि थांबले.

मी तोंड उघडलं. शब्द तयार होते, तीनच तर होते. पण समोर त्याचं नाव होतं आणि नावाखाली मी स्वतः लावलेला ओघळलेला चुना. खोटं बोलायचं नव्हतं. आवाज निघेना. सूर्य अर्धा वर आला. पूर्ण वर आला. कुणाचं तरी तान्हं रडलं आणि पदराखाली शांत झालं. कुणी खाकरलं नाही. चैत्रातलं आमच्याकडचं ऊन वर आल्याबरोबर चावायला लागतं. म्हाताऱ्या बाया त्या उन्हात डोक्यावर पदर ओढून उभ्या होत्या. आत्याचे गुडघे थरथरत होते.

डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं, हेडमास्तरांनी पाहुण्यांना खूण केली. आता तुम्ही म्हणा. पाहुणे उठले. त्यांच्याबद्दल माझं मत खुर्ची पाहूनच झालेलं होतं. उंच टोपीचा माणूस गर्दीसमोर उठतो तो बोलण्यासाठीच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टोपी काढली, दोन्ही हातांत धरली आणि ते इतर सगळ्यांसारखे पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले. टक्कल पडलेलं होतं, त्यावर ऊन लागत होतं.

ते थांबले होते. सगळे थांबले होते. वर्षभर ज्या क्षणाची वाट पाहतात, तो त्यांनी तसाच धरून ठेवला होता, कारण ज्या बाईनं बोलायचं होतं तिच्याच्यानं अजून होत नव्हतं. ती बाई त्यांच्यातली आहे की नाही हा प्रश्न कुणाच्या चेहऱ्यावर नव्हता. मी पुष्कळ राज्यारोहणं शिकवली आहेत. कुण्या राजासाठी इतकी माणसं अशी उभी राहिल्याचं मला ठाऊक नाही.

तेवढ्यात कळमन्याकडून मालगाडी आली. सूर्याच्या पुढून मालाची एकेक वाघीण जायला लागली. मधल्या फटींतून ऊन यायचं आणि जायचं, आणि आमच्यावरून, थडग्यांवरून उजेड-सावलीच्या पट्ट्या धावत होत्या. शेवटी गार्डाचा डबा आला. कठड्याला टेकून कुणी एक गार्ड खाली पाहत होता, हातात गुंडाळलेली झेंडी. ओळखीचा नव्हता. पण तो काय पाहत होता ते मला ठाऊक होतं. मला ते सांगितलेलं होतं. जमिनीतून माणसं उगवत होती आणि त्यांत मीही होते.

गाडी गेली. ऊन एकदम सगळीकडे पडलं.

“उठला का?” मी विचारलं.

ते ओरडणं नव्हतं. मी खरंच विचारलं होतं. मला जाणून घ्यायचं होतं. कुणाला विचारलं ते मात्र सांगता येत नाही.

आणि चारी बाजूंनी, म्हाताऱ्यांचे, पोरांचे, त्या कुंचावाल्या बाईचे, माझ्या शेजारी आत्याचे आवाज एकदम उठले, “खरोखर उठला आहे!” निंबावरचे सगळे कावळे उडाले. तो आवाज छातीवर आदळतो. मी एक पाऊल मागं सरले आणि आत्यानं माझं कोपर धरलं. मग तबला सुरू झाला. त्याचा तबला, दुसऱ्या हातांनी.

मला तेव्हा विश्वास बसला का? लोक विचारतात. मला इतकंच सांगता येतं, की आयुष्यात मी पुष्कळ प्रश्न विचारले, पण मला असं उत्तर कधी मिळालं नव्हतं.

गाणी संपल्यावर निंबाखाली पोहे, त्यावर चण्याची तर्री, आणि कांद्याच्या सालांत उकडून तांबूस केलेली अंडी. हेडमास्तर पत्रावळ घेऊन आले. “भगिनी, शब्द जरासे वेगळे झाले.”

“उत्तर तेच आलं ना, मास्तर,” पाळकसाहेब म्हणाले. या खेपेला ते चहाकडे पाहत नव्हते.

“येशूच्या थडग्यापाशी गेलेल्या त्या बायाही पयल्या दिवशी भेवून चूपच होत्या,” आत्या म्हणाली. “तुमची समिती असती तं त्याहिले घरी धाडलं असतं.” एवढं बोलून ती थडग्यांमधून वाट काढत गेली आणि पाहुण्यांच्या शेजारी, डाव्या मोरापुढं धपकन बसली. “सरका थोडे. गुडघे गेले माहे.” पाहुणे सरकले. तिनं अंडं सोलून त्यांना दिलं. त्यांनी मीठ मागितलं. लाल मखमलीवर दोघं बराच वेळ तशीच बसली होती, आणि नवपरिणीत जोडपी बसतात त्यापेक्षा पुष्कळ सुखात होती.

सोमवारी भाऊ बंडी घेऊन आला. ट्रंक, पुस्तकांची खोकी, रविवारी परत मिळालेला तबला असं सगळं चढवून झाल्यावर त्यानं दोरी ओढली आणि माझ्याकडे पाहिलं. मी आत्याच्या गल्लीचं नाव सांगितलं. त्यानं दोरीची गाठ पुन्हा आवळली. मग बंडीवाल्याला म्हणाला, “तिकडून घे,” आणि खोकी पडू नयेत म्हणून हात लावून सबंध रस्ता शेजारून चालला. आत्याच्या दारात त्यानं चहा घेतला. पुढच्या महिन्यात आईला घेऊन आला.

त्या रितीचा एक भाग मला नवऱ्यानं सांगितला नव्हता. बहुधा सांगायचं राहून गेलं. आदल्या वर्षी ज्यानं हाक दिली, त्यानं पुढच्या वर्षी नव्या माणसाच्या शेजारी उभं राहायचं असतं. माझ्याजवळ आत्या त्याच नात्यानं उभी होती. आदल्या वर्षीची हाक तिची होती, तिच्या बहिणीसाठी. बहीण गेल्याचं मला ठाऊक होतं, शेजारी उभं राहण्यामागची ही रीत नव्हती.

पुढच्या वर्षी नवं थडगं एका निवृत्त पोस्टमनच्या बायकोचं होतं. अंधारात मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. उंच, वाळका म्हातारा, धोतर कडक इस्त्रीचं. सूर्याची कड दिसली तसे त्यांचे ओठ हलले आणि थांबले. घशातून नुसती हवा आली. ते माझ्याकडे वळले, लहान मुलासारखे घाबरलेले. भोवताली सगळे पूर्वेकडे तोंड करून उभे होते.

आत बोलायचं नसतं. तरी मी त्यांचं कोपर धरलं आणि हळूच म्हटलं, “घाई नाही, काका. आम्ही थांबतो.”